विड्यावरचं दुकान

माझ्या जागामालकाने मला फसवलं. ग्वाल्हेरच्या खासगी बाजारातल्या माझ्या दुकानाच्या मालकाने, सगळ्या गल्लीसमोर, भर सकाळी, डोळ्यांवर चष्मा लावून आणि हातात सरकारी कागद धरून फसवलं. मी समोर टोपी घालून सरळ उभा होतो आणि फसत होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण ही गोष्ट निघाली की लोक म्हणतात, "जाऊ द्या हो, कायदाच तसा होता." कायदा तसा नव्हता. कायदा तेव्हा झालाच नव्हता. तो नुसता मसुदा होता. आणि मसुदा म्हणजे काय, हे त्या गल्लीत सगळ्यांत आधी मला कळायला हवं होतं, कारण माझा सगळा जन्म भाव करण्यात गेला.

विकणारा पहिल्यांदा जो भाव सांगतो तो भाव नसतोच. तो म्हणतो, बघा बुवा, मी इथून सुरुवात करतो, तुम्ही काय म्हणता? जो गप्प राहिला त्याने तो भाव मान्य केला. मसुद्याचंही तेच. सरकार म्हणतं, आमच्या मनात असं असं आहे, कुणाची काही हरकत? आणि आम्ही काय केलं? हात जोडले.

माझे वडील दरबारच्या रिसाल्यात घोडेस्वार होते. आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दाना ओलीत, दोन खोल्यांत राहायचो. संस्थानं विलीन झाली, ग्वाल्हेर मध्यभारतात गेलं, फौज दिल्लीच्या फौजेत मिसळली. घोडे गेले, माणसं घरी आली आणि मागं राहिली खोगिरं. ती लिलावात निघाली तेव्हा वडिलांना वाईट वाटलं. मला वाटलं नाही. मी उसनवारी करून एक ढीग उचलला, फाडला, चामडं टांगेवाल्यांना विकलं आणि पितळी कड्या वेगळ्या विकल्या. वडील आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग सरदारांच्या घरातली झुंबरं निघाली, आरसे निघाले, हंड्या निघाल्या. त्यांच्या बायका बांबूच्या पडद्याआडून भाव करायच्या. बाईचा आवाज किती कापतोय त्यावरून मी ओळखायचो की आज सामान जाणार की नाही. हे सांगताना मला काही अभिमान वाटत नाही, पण लाजही वाटत नाही. मला कुणी वतन दिलं नव्हतं. मी जुनं सामान घेत गेलो, विकत गेलो आणि उभा राहिलो.

दुकानाला जागा लागली तेव्हा मी काकासाहेबांकडे गेलो. ते दरबारच्या दफ्तरातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांच्या पूर्वजांपासून लेखणीचं घराणं, आमचं घोड्याचं. खासगी बाजारात त्यांच्या घराखाली चार गाळे होते. ते मला 'शिलेदार' म्हणायचे. शिलेदार म्हणजे ज्याचा घोडा स्वतःचा. माझ्या वडिलांचा घोडा दरबारचा होता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर म्हणायचे.

"बोला शिलेदार, किती देणार?"

"तुम्ही सांगा काकासाहेब."

"मी सांगितलं तर तू पळशील."

"माझे वडील पळाले नाहीत, मी कशाला पळतो? पण तुमच्या गाळ्याचं छत आधी पळालंय, ते वर बघा."

ते हसले. सकाळपासून जेवणवेळेपर्यंत आमचं चाललं. छत त्यांनी करायचं ठरलं, दार मी बसवायचं ठरलं. शेवटी मी म्हणालो, "आणि किती वर्षांसाठी?" ते म्हणाले, "तू जोवर दुकान चालवशील तोवर. मी असेन तोवर आणि माझ्यामागंही." मी म्हणालो, "मग एक चिठ्ठी..."

ते आत वळून ओरडले, "अहो, विडा आणा! शिलेदारांना कागद हवाय म्हणे."

ओट्यावर बसलेले सगळे खदखदा हसले. माझे कान तापले. काकू आतून तबक घेऊन आल्या, स्वतः लावलेला विडा त्यांनी काकासाहेबांच्या हातात दिला, त्यांनी माझ्या हातात. मी खाल्ला. आमच्या लोकांत सौदा तिथं संपायचा. विडा दिला, विडा खाल्ला, त्यानंतर कागद मागणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर थुंकणं. जुन्या लष्करातल्या मराठी घरांचे निम्मे व्यवहार असेच पानावर उभे होते.

माझ्या शेजारच्या गाळ्यात एक हलवाई होता, मथुरेकडचा. तोही काकासाहेबांचाच भाडेकरू. संध्याकाळी त्याने विचारलं, "मराठे भाई, पान खाया कि रसीद ली?"

मी म्हणालो, "हमारे यहाँ ज़बान होती है."

"ज़बान तो हमारे यहाँ भी होती है," तो कढईतला झारा झटकत म्हणाला. "रसीद अलग से होती है."

मी त्याला बनिया म्हणून हसलो. बारा वर्षं हसलो.

काकासाहेबांचा आणखी एक मान होता. दरबारच्या काळात सरकारी गॅझेट आलं की ते आपल्या ओट्यावर उभे राहून वाचून दाखवायचे. गल्ली खाली उभी राहायची. डोक्यावर टोपी किंवा पागोटं हवंच. वाचन चालू असताना कुणी खोकायचं नाही, मधे बोलायचं तर नाहीच. संपलं की सगळ्यांनी मान लववून म्हणायचं, "हुकूम सर-आँखों पर." मग काकासाहेब दोन वाक्यांत मतलब सांगायचे आणि लोक कामाला लागायचे. लोकांना वाचता येत नव्हतं असं नाही. पण हुकूम स्वतः वाचायचा नसतो, ऐकायचा असतो, अशी आमची समजूत होती. दरबार गेला, मध्यभारत आलं. वाचन चालू राहिलं. मध्यभारत मोडून भोपाळ, विंध्य, महाकोशल सगळ्यांचं मिळून एक मोठं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली, हायकोर्ट जबलपूरला गेलं. तरी आमच्या गल्लीत वाचन चालूच राहिलं. राजा कुठं गेला हे गल्लीच्या ध्यानातच आलं नाही.

नव्या राज्याची गंमत अशी की चार मुलखांचे चार तऱ्हेचे कायदे होते आणि भोपाळला बसलेल्यांना ते सगळे एकसारखे करायचे होते. रोज काही ना काही मसुदा निघायचा. त्यातच एक भाडेकरूंचा निघाला.

त्या दिवशी सकाळी काकासाहेबांनी निरोप पाठवला. आम्ही पंधरा-वीस जण ओट्याखाली जमलो. हलवाई आला नाही, त्याची जिलबी चालू होती. काकासाहेबांनी वाचायला सुरुवात केली. हिंदी संस्कृतसारखी, एक वाक्य संपेपर्यंत माणसाचा श्वास संपावा. मधे एक कलम आलं. त्याचा अर्थ असा होता: ज्या भाडेकरूच्या नावाची नगरपालिकेत नोंद आहे किंवा ज्याच्याकडे मालकाची लेखी चिठ्ठी आहे, त्याला सबळ कारण असल्याशिवाय उठवता येणार नाही.

'लेखी चिठ्ठी' हे शब्द कानावर पडले आणि माझ्या आतला व्यापारी जागा झाला. ज्याच्याकडे आहे त्याचं ठीक. ज्याच्याकडे नाही त्याचं काय? माझा हात आपोआप वर गेला. काकासाहेबांनी चष्म्यावरून बघितलं.

"शिलेदार, हुकूम पुरा होऊ द्या."

मागून कुणी तरी माझा सदरा ओढला. मी हात खाली घेतला. आज इतकी वर्षं झाली, हा हात खाली घेतला तो मला आठवतो. झुंबर विकणाऱ्या सरदारणीसमोर मी हात खाली घेतला नाही, लिलावात फौजेच्या साहेबासमोर घेतला नाही. ओट्यावरच्या एका म्हाताऱ्याने चष्म्यावरून बघितलं आणि मी घेतला, कारण माझे वडीलही तसेच उभे राहायचे.

वाचन संपलं. आम्ही म्हणालो, "सर-आँखों पर." मग काकासाहेब मतलब सांगायला लागले. "भाडेकरूला उठवता येणार नाही, असं सरकार म्हणतं. हे जबलपूरकडच्यांसाठी आहे, तिकडे मालक लोक त्रास देतात. आपल्याकडे काही फरक पडत नाही."

शेवटी छापलेल्या दोन ओळी त्यांनी वाचल्या नाहीत. कुणाला काही सूचना-हरकत असेल तर अमुक मुदतीत पाठवावी, अशा त्या ओळी होत्या. त्या ओळी कागदावर होत्या हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी इतकंच ऐकलं की फरक पडत नाही, आणि दुकानात जाऊन एका आरशाची चौकट पुसत बसलो. वाटलं, काकासाहेब म्हणतात म्हणजे नसेल.

पुढं महिन्याभरात मी जबलपूरला गेलो. तिथं एका जुन्या बंगल्याचं सामान निघालं होतं. सौदा तिथल्या एका फर्निचरवाल्याबरोबर भागीत होता. त्याच्या दुकानात चहा पिताना भिंतीवर खिळ्याला एक छापील कागद अडकवलेला दिसला. चार रकाने होते, वर चार मुलखांची नावं: महाकोशल, मध्यभारत, विंध्य, भोपाळ. डावीकडे मसुद्यातली कलमं. प्रत्येक कलमासमोर प्रत्येक रकान्यात साध्या हिंदीत लिहिलेलं, इथं याने काय बदलेल.

"हे काय?" मी विचारलं.

"हमारे व्यापारियों ने वकील बिठाया था," तो म्हणाला. "कानून सबके लिए एक है, पर असर तो सबका अलग है न? तो खाने बनवा लिए."

मी उठून जवळ गेलो. ते कलम शोधलं. महाकोशलच्या रकान्यात लिहिलं होतं, 'कोई अंतर नहीं', कारण तिथं भाडेकरूची नोंद नगरपालिकेत व्हायचीच. आमच्या रकान्यात लिहिलं होतं: 'नोंदणीची पद्धत नाही. लेखी चिठ्ठी नसेल तर भाडेकरूला संरक्षण नाही. मालक केव्हाही जागा मागू शकेल.'

मी ते तीनदा वाचलं. चहाची बशी माझ्या हातातच होती. एकच वाक्य. जबलपूरच्या माणसाला तेच वाक्य छत होतं आणि मला तेच वाक्य उघड्यावर काढत होतं. वाक्यात कुठंही ग्वाल्हेरचं नाव नव्हतं. लिहिणाऱ्याच्या मनातही नसेल. त्याला विडा माहीत नव्हता, आणि त्याला सांगायला आमच्याकडून कुणी गेलं नव्हतं. त्या जबलपूरच्या अनोळखी वकिलाला माझ्या गल्लीचं जे कळलं, ते माझ्या गल्लीत कुणी मला सांगितलं नाही. नाही, चुकलो. कळलं होतं एकाला.

"आप लोगों ने क्या लिख के भेजा?" फर्निचरवाल्याने विचारलं.

"कशाबद्दल?"

"अरे, आपत्ति! हरकत! परसों आख़िरी तारीख़ है. इंदौर वालों ने पूरा पुलिंदा भेजा है."

"आम्ही काही नाही पाठवलं."

तो हसायला लागला. "तो बैठे रहो. हमने अपने मतलब का लिखा, उन्होंने अपने मतलब का लिखा. आपका हम थोड़े ही लिखेंगे!"

मी बंगल्याचं सामान तसंच सोडलं आणि मिळेल ती गाडी धरली. कटनी, बीना, झाशी करत दुसऱ्या दिवशी सकाळी ग्वाल्हेरला उतरलो तो तसाच, तोंडावर पाणी न मारता, खासगी बाजारात गेलो. रस्ताभर मी दोन कामं ठरवली होती: काकासाहेबांकडून चिठ्ठी घ्यायची आणि गल्लीच्या सह्यांची हरकत त्याच दिवशी टपालात टाकायची.

काकासाहेब ओट्यावर बसून न्हाव्याकडून दाढी करून घेत होते. अर्ध्या तोंडाला साबण.

मी म्हणालो, "काकासाहेब, मला एक चिठ्ठी द्या. दोनच ओळी. दुकान भाड्याने दिलंय म्हणून."

"आज काय हे मधेच?"

"मसुद्यात लिहिलंय. चिठ्ठी नसेल तर आम्ही उघड्यावर."

"मी सांगितलं न तुला, फरक पडत नाही म्हणून? माझ्या घरचा विडा खाल्लास न?"

आता इथं माझ्यासारख्या माणसाने काय करायला हवं होतं, ते मी रोज नव्याने ठरवतो. बसायला हवं होतं. पाणी मागायला हवं होतं. त्यांच्या प्रकृतीची विचारपूस करायला हवी होती. भाव करताना मी कधी आवाज चढवत नाही, समोरच्याला चढवू देतो. पण हा भाव नव्हता, हे माझं दुकान होतं. मी ओरडलो, "विडा बारा वर्षांपूर्वी पचला, काकासाहेब! कागद द्या!"

न्हाव्याचा वस्तरा हवेत थांबला. समोरच्या दुकानांतून माणसं बाहेर आली. काकासाहेबांनी टॉवेलने अर्धं तोंड पुसलं आणि म्हणाले, "आता तर मुळीच नाही." गल्लीच्या हिशेबाने तिथं मीच गुन्हेगार ठरलो. ते एवढं बोलून थांबले आणि मी ओरडलो ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

एवढ्यात त्यांचा मुलगा बाहेर आला. वकील, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, मला भाऊ म्हणायचा. माझा दंड धरून त्याने मला पायरीखाली आणलं. आवाज लोण्यासारखा. "भाऊ, चिठ्ठी देऊ न. बाबांना शांत होऊ द्या. दोन दिवसांनी या."

"हरकतीची मुदत उद्या संपते."

"अहो, कायदा कुठं झालाय अजून? घाई काय? दोन दिवसांनी या."

मी सह्यांसाठी फिरलो. आमच्या मालकाच्या चार गाळ्यांपैकी तीन विड्यावर होते: मी, एक शिंपी आणि एक तांबटकाम करणारा. दोघेही माझ्यासारखेच दक्षिणेतून फौजेबरोबर आलेल्यांचे वंशज. शिंपी म्हणाला, "हुकुमावर हरकत? हे तर बापजन्मी ऐकलं नाही. उद्या पोलीस आले तर?"

"अरे, हा हुकूम नाही. ते आपल्याला विचारून राहिलेत."

"सरकार कधी विचारतं का? काकासाहेबांनी सांगितलं न फरक नाही?"

तांबट तर हसलाच. "तू आज भांडून आलायस न त्यांच्याशी? आता आम्हाला कशाला लढवतोस?"

हलवायाने सही केली असती, पण मीच म्हणालो, तुझी सही काय कामाची, तुझ्याकडे रसीद आहे. तो म्हणाला, "है तो. फिर भी कर दूँ?" मी रागात नको म्हणालो. तेही चुकलं. शेवटी माझी एकट्याची हरकत, माझ्या वाईट हिंदीत, माझ्या वाईट अक्षरात, टपालात गेली. त्यात मी विडा समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. आमच्याकडे सौदा पानावर होतो, कृपा करून पानही धरावं. काही महिन्यांनी छापील पोच आली. तोपर्यंत कायदा झालेला होता.

दोन दिवसांनी मी चिठ्ठीसाठी गेलो. वकीलसाहेब कामाने बाहेरगावी गेले होते. चार दिवसांनी गेलो. काकासाहेबांना बरं नव्हतं. मग मी जाणं सोडलं, कारण मला राग येत होता आणि राग आला की माझं नुकसान होतं, हे मी एव्हाना शिकलो होतो.

नोटीस आली ती वकीलसाहेबांच्या सहीची. जागा त्यांच्या कचेरीसाठी हवी होती. विड्यावरच्या तिघांनाही आल्या. शिंपी आणि तांबट त्या संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन बसले आणि खाली बघत राहिले. मी त्यांना एक शब्दही बोललो नाही. आज बोललो असतो. त्या दोघांनी आठ दिवसांत गाळे सोडले. मी कोर्टात गेलो.

घरी बायको म्हणाली, "अहो, काकूंना बोलवा साक्षीला. विडा त्यांनी लावला होता."

"त्या घरच्या बाईला मी कोर्टात उभं करू?"

"त्यांनी तुम्हाला रस्त्यावर उभं केलंय न?"

मी ऐकलं नाही. भावाचा माणूस म्हणवतो मी स्वतःला, आणि सौद्यातली सगळ्यांत मोठी साक्ष घरात ठेवून गेलो.

न्यायाधीश महाकोशलकडून बदलून आलेले, भले गृहस्थ. त्यांनी मला विचारलं, कागद आहे का? मी म्हणालो, विडा आहे. त्यांना कळेना. माझ्या वकिलाने समजावलं. ते म्हणाले, "पान? पान तो हम भी खाते हैं, रोज़ चार घरों में. तो क्या चारों मकानों के किरायेदार हो गए?"

कोर्ट हसलं. मीही हसलो असतो, दुकान दुसऱ्याचं असतं तर. काकासाहेबांना शपथेवर विचारलं. त्यांनी उघड खोटं सांगितलं नाही, तेवढे ते हुशार होते. म्हणाले, "विडा मी दाराशी आलेल्या सगळ्यांनाच देतो. जागा त्याला माणुसकीनं वापरायला दिली होती." भाड्याचं कोणी काही लिहून ठेवलं नव्हतं. दुकान गेलं.

मी सामान हातगाडीवर चढवत होतो. आरसे गोधड्यांत गुंडाळून बांधत होतो, तेव्हा काकू स्वतः पायरीपर्यंत आल्या. पदर सावरून, हळू आवाजात म्हणाल्या, "मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं हो." आणि आत गेल्या. त्या एका वाक्याने मला कोर्टाच्या निकालाहून जास्त त्रास दिला आहे.

मी ग्वाल्हेरातच, हजीऱ्याला, नवं दुकान मांडलं. चाललं, चांगलं चाललं. आता माझ्याकडे प्रत्येक गोष्टीचा कागद असतो. बायको म्हणते, सून घरात आणलीत तेव्हाही व्याह्यांकडून रसीद घेतलीत का? पुण्याकडच्या नातेवाइकांना ही हकिकत सांगितली तर ते म्हणतात, एवढं काय, दुसरं दुकान मिळालं न? मिळालं. पण मला कुणी लुटलं असतं तर मी सोडलं असतं. मला उभं करून, टोपी घालायला लावून, वाचून दाखवून माझं दुकान नेलं, ते मी सोडत नाही.

काकासाहेब गेले, काकू गेल्या. वकीलसाहेबांनी घराची दुरुस्ती काढली आणि जुनं सामान विकायचं ठरवलं. ग्वाल्हेरात जुन्या सामानाला बरा भाव कोण देतो, हे त्यांनाही माहीत. मलाच निरोप. मी गेलो. माझ्याच जुन्या गाळ्यात त्यांची कचेरी, माझ्याच बसवलेल्या दाराला त्यांची पाटी. आम्ही चहा घेतला. सामानात एक लोखंडी पेटी होती, गॅझेटांनी भरलेली. त्यांनी रद्दीचा भाव सांगितला. मी भाव न करता घेतली. जन्मात पहिल्यांदा. घरी बायकोने कपाळाला हात लावून बघितलं, "ताप आलाय का तुम्हाला?"

तो अंक सापडायला तीन दिवस लागले. तेच कलम. त्याच्या शेजारी कोऱ्या जागेत पेन्सिलीने मोडीत लिहिलेलं. दफ्तरातली जुनी माणसं टिपणं मोडीतच करायची, आणि वडिलांच्या पत्रांमुळे मोडी मला वाचता येते. लिहिलं होतं: 'विड्यावरचे तीन. बोलू नये.'

त्याखाली शाईने, देवनागरीत, दुसरं अक्षर: 'हरकतीची मुदत जाऊ द्यावी.' ते अक्षर मी ओळखतो. माझ्या नोटिशीवर तेच अक्षर आहे.

म्हणजे जबलपूरच्या वकिलाने चार रकाने छापून जे सगळ्यांना सांगितलं, ते आमच्या गल्लीत एका पानाच्या कोपऱ्यावर लिहून ठेवलं होतं. कायद्याचा आमच्यावर काय परिणाम होणार हे त्या घराला नीट समजलं होतं. समजल्यावर काकासाहेब ओट्यावर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, फरक पडत नाही.

लोक म्हणतात, म्हातारं माणूस गेलं, आता कशाला? ठीक. गेलेल्या माणसाला मी काही विचारत नाही. भोपाळवाल्यांनाही विचारून झालं, त्यांची छापील पोच माझ्याकडे आहे. शिंप्याला नि तांबटाला विचारायला मी लाजतो, कारण तेही माझ्यासारखेच उभे होते. पण वकीलसाहेब, तुम्ही आहात. रोज माझ्या दारातून आत जाता, माझ्याच दाराला कुलूप लावता. तो अंक माझ्याकडे आहे, मोडी तुमच्या वडिलांची आणि शाई तुमची. एक दिवस ठरवा, सकाळचा. तुम्ही ओट्याखाली उभे राहा, मी वर उभा राहून वाचतो, आणि या वेळी शेवटच्या दोन ओळीही वाचतो. ज्याला मधे बोलायचं असेल त्याने बोलावं. वाचून झाल्यावर मान लववू नका. गल्लीसमोर मला एवढंच सांगा: मुदत उद्या संपते हे मी तुमच्या तोंडावर सांगितल्यावर तुम्ही मला 'दोन दिवसांनी या' असं का म्हणालात?